‘अभिषिक्तांना हात लावू नका’ हे वचन पाळकांची ढाल नव्हे

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शाळा, दवाखाने, वसतिगृहे यांत काम करणाऱ्यांसाठी एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, अभिषिक्त म्हणजे देवाने नेमलेला आहे, त्याला प्रश्न विचारणे हे देवाविरुद्ध बंड, पुढारी कडक असेल तरच काम होते, सेवेत पगाराची भाषा शोभत नाही, आणि मंडळीतली तक्रार बाहेर नेणे पाप आहे.

माझी धाकटी बहीण अशाच एका वसतिगृहात मेट्रन आहे. पगार दोन-दोन महिने थकतो, रजा मागितली की सगळ्यांदेखत बोलणी खावी लागतात. तिने तक्रारीचा अर्ज लिहून ठेवला होता. हा मेसेज वाचला आणि तो अर्ज फाडून टाकला. “ताई, नको गं, देवाला नाही आवडणार.” म्हणून मला हे लिहावे लागते आहे.

आधी अभिषिक्ताचा मुद्दा, कारण खरे नुकसान त्यानेच होते. “माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका” हे बायबलमधल्या स्तोत्र 105 मधले पंधरावे वचन. मेसेज लिहिणाऱ्याने त्याच्या वरची तीन वचनेही वाचलेली नाहीत. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्याविषयी चालले आहे. संख्येने मूठभर, परक्या मुलखात उपरे, या राज्यातून त्या राज्यात भटकणारी माणसे. देवाने त्यांच्यासाठी राजांना दटावले आणि बजावले, यांना हात लावू नका. म्हणजे ताकीद सत्ताधाऱ्याला आहे आणि संरक्षण निराधाराला. वसतिगृहात राजाच्या जागी कोण बसले आहे? शिक्का आणि चेकबुक ज्याच्या हाती तो. तेच वचन थकलेल्या पगाराविषयी विचारणाऱ्या बाईवर उगारायचे, हा वचनाचा सरळसरळ विपर्यास आहे.

मेसेजमधला दुसरा दाखला शौल राजाचा. तो दावीदाच्या जिवावर उठला होता, तरी दावीदाने त्याच्यावर हात टाकला नाही, बरोबर. पण 1 शमुवेल 24 पूर्ण वाचा. गुहेतून बाहेर येऊन, शौलाच्या झग्याचा कापलेला तुकडा दाखवत, दावीदाने त्याला मोठ्याने जाब विचारला. जीव घ्यायचा नाही, पण जाब विचारायचा, असे ते आहे. पुढे दावीद स्वतः राजा झाला तेव्हा नाथान संदेष्ट्याने “तो मनुष्य तूच” असे त्याच्या तोंडावर सांगितले. अंत्युखियात प्रेषित पौलाने प्रेषित पेत्राला समोरासमोर अडवले. यांतल्या कोणाला शास्त्र बंडखोर म्हणते?

आता कडकपणा. यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करते. कर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांचा 1939 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग नेतृत्वाच्या अभ्यासात आजही सांगितला जातो. अमेरिकेतल्या आयोवात दहा वर्षांच्या मुलांचे छंदगट केले. काही गटांना हुकूम सोडणारा पुढारी, काहींना सर्वांशी बोलून ठरवणारा, काहींना नुसता बसून राहणारा. हुकमाखालच्या मुलांनी काम केले, भरपूर केले, पण पुढारी खोलीबाहेर गेला की काम पडले. विचारविनिमयाने चालणाऱ्या गटात ते जवळपास तसेच चालू राहिले. मोकाट सोडलेल्या गटात काम सगळ्यांत कमी झाले, म्हणून पुढारी नकोच असे मी म्हणत नाही. पण वसतिगृहात रात्री दोन वाजता एखाद्या मुलीला ताप भरतो तेव्हा पाळकसाहेब तिथे नसतात, मेट्रन असते. ती धाकाने जागते की आपुलकीने, यावर त्या मुलीचे काय होणार हे ठरते.

आणि हे दाखवायला अमेरिकेला जायचीही गरज नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने 1970 पासून अक्षरओळख नसलेल्या, त्यातल्या कित्येक दलित, बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांना शिकवले, त्यांचे ऐकले, गावाची जबाबदारी त्यांच्यावर सोपवली. त्या बायकांनी बाळंतपणे केली, डॉक्टरांसमोर उभे राहून बोलल्या. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार या कामाला मिळाला.

पगाराचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये आणि कामकऱ्याला त्याची मजुरी मिळावी, हे पौलाने मंडळीतल्या सेवकांविषयीच लिहिले आहे, 1 तीमथ्य 5 मध्ये. अडवून ठेवलेली मजुरी ओरडते, असे याकोब म्हणतो. आपल्या आज्या-पणज्यांनी तुटपुंज्या पैशांत सेवा केली, ती मनापासून केली. त्यांच्या त्यागाचा दाखला देऊन दुसऱ्याचा पगार अडवता येत नाही.

राहिली बाहेर तक्रार नेण्याची गोष्ट. भाऊबंदांनी कोर्टात जाऊ नये असे पौल करिंथकरांना सांगतो, पण त्याच श्वासात विचारतो, निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? तो शहाणा आधी नेमा. स्वतः पौलाला न्याय मिळेना तेव्हा त्याने कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, दाद मागितली. कामाच्या ठिकाणी बाईमाणसाच्या लैंगिक छळाबाबत तर 2013 चा कायदा ट्रस्टलाही लागू आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर अंतर्गत समिती हवीच, तिची अध्यक्ष स्त्री हवी, निदान निम्म्या सदस्य स्त्रिया हव्यात आणि एक सदस्य संस्थेबाहेरचा हवा. तक्रार साधारण तीन महिन्यांत द्यायची असते. तुमच्या संस्थेत ही समिती आहे का आणि तिच्यावर कोण आहे, हे सचिवांना लेखी विचारा.