शपथ कुणाची घ्यायची?

दर वर्षी २० ऑगस्ट आला की आमच्या सासवडच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर तोच वाद नव्याने पेटतो. २०१३ साली याच दिवशी पुण्यात ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. कुणीतरी त्यांचा फोटो टाकतं, चार जण हात जोडल्याची चिन्हं टाकतात आणि दुपारपर्यंत गाडी नेहमीच्या वळणावर येते. "खून वाईटच. पण देव नाही म्हणणाऱ्याला भीती कशाची राहणार? आणि भीतीच नाही तर नीती कुठली?" मग दुसरी बाजू मला साक्षीला ओढते. "त्याला विचारा. इंग्लंडात चर्चं ओस पडलीत. तिथे लोक एकमेकांना लुटत सुटलेत का?" त्यावर पहिली बाजू, "तिथे म्हातारे आईबाप कुठे राहतात तेही विचारा."

दोघांनाही हवी ती साक्ष मी देऊ शकतो. मी इंग्लंडमध्ये राहतो त्या नॉर्थॅम्प्टनच्या बाहेर पडलं की रस्त्याकडेला शेतकऱ्याने अंडी मांडलेली असतात, शेजारी पैशांचा डबा, राखायला कुणी नाही. लोक अंडी उचलतात, डब्यात नाणी टाकतात. आणि जुन्या चर्चच्या छपरावरचं शिसं रातोरात उपटून नेणारेही याच देशातले. अंड्यांवरून किंवा शिशावरून आख्ख्या समाजाच्या नीतीचा निकाल लावणाऱ्यांच्या पंगतीला मला बसायचं नाही.

शिवाय इंग्लंड हे निधर्मी देशाचं उदाहरण म्हणून फारसं चालत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी 'कोणताही धर्म नाही' असं लिहिलं, ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्क्यांवर आले, हे खरं. पण राजा अजूनही चर्चचा प्रमुख आहे, वरिष्ठ सभागृहात २६ बिशप बसतात, सरकारी शाळांत रोज सामूहिक प्रार्थना व्हावी असा कायदा आहे. चर्चच्या चांगल्या शाळेत मुलाला प्रवेश मिळावा म्हणून दोन वर्षं दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे आणि प्रवेश झाल्यावर तिकडे न फिरकणारे आईबाप इथे सगळ्यांच्या परिचयाचे आहेत. श्रद्धेवर सवलत ठेवली की श्रद्धा वाढते ती अशी.

मी राहतो त्या गावाने मात्र या प्रश्नावर एकेकाळी चांगलीच खणाखणी केली आहे. ॲबिंग्टन स्क्वेअरमध्ये हात पुढे करून उभा असलेला चार्ल्स ब्रॅडलॉचा पुतळा आहे. हा माणूस उघड नास्तिक. १८८० साली नॉर्थॅम्प्टनमधून पार्लमेंटवर निवडून आला. सभासद व्हायचं तर देवाच्या नावाने शपथ घ्यायची. त्याने विचारलं, मी देवाचं नाव न घेता नुसती प्रतिज्ञा केली तर चालेल का? नाही, म्हणाले. मग शपथही घेतो, म्हणाला, तिचा आशय मला बांधील राहील. तर म्हणे तुला शपथ घेता येणार नाही, कारण तू देव मानत नाहीस. हट्ट धरला म्हणून एक रात्र त्याला पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडून ठेवलं. जागा रिकामी ठरायची, पोटनिवडणूक लागायची आणि नॉर्थॅम्प्टनचे मतदार पुन्हा त्यालाच पाठवायचे. जोडे बनवणाऱ्यांचं हे गाव. त्याला मत देणाऱ्यांत नेमाने चर्चला जाणारे कितीतरी होते. अखेर १८८६ मध्ये तो सभागृहात बसला आणि दोन वर्षांनी त्यानेच पुढाकार घेऊन असा कायदा करून घेतला, की ज्याला देवाची शपथ घ्यायची नसेल त्याने गंभीरपणे प्रतिज्ञा करावी. त्याच १८८८ साली पुण्यात आगरकरांनी 'सुधारक' सुरू केला. योगायोगच, पण मला आवडणारा.

ब्रॅडलॉने शपथ घ्यायची तयारी दाखवली यावरून त्याला तेव्हा ढोंगी म्हणाले, आजही काही म्हणतात. तो आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण ही वेळ त्याच्यावर कुणी आणली? सतराव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक धार्मिक सहिष्णुतेची बाजू हिरिरीने मांडत होता, त्यानेही नास्तिकांना त्यातून वगळलं होतं: ज्याला देव नाही त्याला वचन, करार, शपथ बांधून ठेवू शकत नाहीत. आमच्या ग्रुपवरचा 'भीती नाही तर नीती कुठली' हा सवाल म्हणजे लॉकच, सासवडमार्गे आलेला. त्याला उत्तर दिलं एकोणिसाव्या शतकातल्या जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने. देव न मानणाऱ्याची साक्ष घ्यायची नाही असा नियम केला तर अडकतो कोण? जो प्रांजळपणे 'मी मानत नाही' म्हणतो तो. खोटारडा नास्तिक पुस्तकावर हात ठेवून मोकळा होतो. म्हणजे सत्याच्या रक्षणासाठी केलेला नियम नेमका खरं बोलणाऱ्यालाच बाहेर काढतो. आगरकर मिल वाचून वाढलेले. त्यांची प्रेतयात्रा पुण्यात ते जिवंत असताना काढली गेली, तीसुद्धा मनातलं स्पष्ट लिहिलं म्हणून.

हे सगळं मला पुस्तकी वाटायचं. मग ज्यूरीचं, म्हणजे खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या बारा सामान्य नागरिकांत बसण्याचं, बोलावणं आलं. भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यालाही इथे मत आहे आणि मतदारयादीत नाव असलं की ज्यूरीचं बोलावणं येऊ शकतं. कोर्टातला शिपाई एकेकाला अदबीने विचारतो, कोणतं पुस्तक? बायबल, कुराण, गुरू ग्रंथसाहिबातलं काही, गीता. की प्रतिज्ञा? मी प्रतिज्ञेचं कार्ड मागितलं. आत बारा जणांत काय बोलणं झालं ते सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि ते इथे कामाचंही नाही. संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, "गीता होती ना तिथं? मग हात का न्हाई ठेवला?" म्हटलं, माझा तसा विश्वास नाही, उगाच कशी घेऊ? ती लगेच म्हणाली, "मग नकोच. खोट्या शपथंपरीस न घेतलेली बरी." सोमवार न चुकवणारी बाई. मिलचं नावही तिने ऐकलेलं नाही.

पण कोर्टात प्रतिज्ञेचं कार्ड मागणाऱ्याकडे लोक बघतात हेही खरं. इथल्या मानसशास्त्रज्ञांनी बनावट खटले दाखवून तपासलं, तेव्हा ज्यांनी स्वतः देवाची शपथ घेतली होती अशा 'ज्यूरर'चा कल, प्रतिज्ञा करणाऱ्या आरोपीला जास्त दोषी ठरवण्याकडे दिसला. २०१३ मध्ये मॅजिस्ट्रेटांच्या संघटनेपुढे धार्मिक शपथ बंद करून सगळ्यांना एकच प्रतिज्ञा ठेवावी असा ठराव आला होता. तो फेटाळला गेला. माझ्या मते तो मंजूर व्हायला हवा होता.

कारण शपथेने सत्य कितपत सापडतं, याचा धडा या देशाला पोस्ट ऑफिसने चांगला शिकवला. १९९९ ते २०१५ या काळात छोट्या पोस्ट शाखा चालवणाऱ्या नऊशेहून अधिक लोकांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब यांसाठी दोषी ठरवलं गेलं. त्यात भारतीय कुटुंबांतले दुकानदार बरेच होते. चूक होरायझन नावाच्या, हिशेब ठेवणाऱ्या संगणकप्रणालीत होती. ज्यांनी खटला लढवला त्यांनी आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवून सांगितलं, मी एक पेनीही घेतली नाही. कोर्टाने ऐकलं संगणकाचं, कारण तो नीट चालतोय असं कायदा गृहीत धरतो. ज्याला शपथ घेता येत नाही तो खरा ठरला! २०२४ साली कायदा करून या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. २०१२ ते २०१९ या काळात त्या कंपनीच्या प्रमुख असलेल्या पॉला व्हेनेल्स चर्चच्या दीक्षा घेतलेल्या धर्मोपदेशक होत्या. आमच्या ग्रुपवरच्या नास्तिक मित्राला हे कळल्यावर त्याला उकळ्या फुटल्या. मी त्याला म्हटलं, हुरळू नकोस. शिक्षा झालेल्यांतले कित्येक जण देवावरच्या भरवशाने त्या वर्षांत तगले. एकाच प्रकरणातून तू तुझ्या सोयीचा पुरावा उचललास, तर समोरचाही उचलणार.

श्रद्धेत ताकद नाही असं म्हणणारा माणूस आमच्या पुरंदरात राहिलेला नसावा. निवडणुकीच्या आदल्या रात्री पाकीट देताना हातात बेल-भंडारा ठेवतात. खंडोबाची शपथ घे, मत आम्हालाच देशील. पाकीट घेताना कुणाला फारसं वाईट वाटत नाही. पण भंडारा उचलल्यावर मत दुसऱ्याला देताना भल्याभल्यांचा हात थरथरतो, आणि दोन्ही पार्ट्यांनी भंडारा उचलायला लावला असेल तर बिचाऱ्याची झोप उडते. म्हणजे देवाची भीती इथे पुरेपूर काम करते. ती करते कशासाठी? लाच इमानदारीने फेडण्यासाठी. ग्रुपवरच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. श्रद्धा माणसाला घट्ट बांधते यात वाद नाही. कशाशी बांधायचं, हे ठरवायला दुसरं काहीतरी लागतं, आणि ते आस्तिक-नास्तिक दोघांनाही आपापल्या डोक्याने, आजूबाजूच्या माणसांकडे बघूनच ठरवावं लागतं.

साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपूरला उपोषणाला बसले, विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून. गुरुजी हाडाचे आस्तिक. दार बंद ठेवू पाहणारेही आस्तिकच, तेही त्याच विठोबाचे. देव दोन्हीकडे सारखाच असताना चूक-बरोबरचा निवाडा कोणत्या मापाने झाला? ते माप तुकोबांनी सांगून ठेवलं होतं: "पुण्य पर उपकार पाप ते परपीडा." आयुष्य विठ्ठलाला वाहिलेला माणूस पाप-पुण्याची व्याख्या करतो आणि त्या व्याख्येत देवाचं नाव घेत नाही.

गुरुजींना ते उपोषण निभावायचं बळ श्रद्धेने दिलं असेल, हे मी मान्य करतो. इथल्या गुरुद्वारांत रोज शिजणाऱ्या लंगरइतकं मोठं आणि न थकणारं काम मी माझ्यासारख्या निरीश्वरवाद्यांच्या कुठल्याही सभेत पाहिलेलं नाही. आम्ही चर्चा चांगल्या करतो, भांडी घासायला कमी पडतो.

मला खरा राग येतो तो एका गोड वाक्याचा. "आगरकर म्हणजे देव न मानणारा देवमाणूस." ब्रॅडलॉच्या बाबतीत तर हे खुद्द गांधीजींनी केलं. ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई काँग्रेसला आला होता. हिंदुस्थानचा सभासद म्हणून त्याची ओळखच झाली होती. १८९१ मध्ये तो गेला तेव्हा लंडनमधले हिंदी लोक अंत्यविधीला लोटले, त्यांत वकिली शिकणारे गांधीही होते. परतताना स्टेशनवर एक नास्तिक एका पाद्र्याशी हुज्जत घालताना त्यांनी ऐकला आणि नास्तिकतेविषयीची आपली अढी आणखी वाढली, असं ते लिहितात. पुढे चाळीस वर्षांनी, 'सत्य हाच ईश्वर' हे समजावताना, त्यांनी ब्रॅडलॉचाच दाखला दिला: तो स्वतःला नास्तिक म्हणवी, पण मी त्याला देवभीरूच म्हणेन. हे उदार आहे, यात शंका नाही. पण जन्मभर कोर्ट-कचेऱ्या करून जो सांगत राहिला की मला माझ्या शब्दावर पारखा, त्याला मेल्यावर आपल्या गोटात दाखल करून घेणं मला पटत नाही. चांगला वागला म्हणजे आतून आस्तिकच असणार, असं एकदा धरलं की नास्तिक चांगला असू शकतो हे मान्य करायची वेळच येत नाही. आमच्या ग्रुपवरचा मित्र मला हेच म्हणाला, "तू तोंडाने काहीही म्हण, मनाने तू भाविकच." त्याला कोपरापासून नमस्कार.

आपल्या घटनाकारांना हे जास्त नेमकं कळलं होतं. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी घटना समितीत सदस्य ह. वि. कामतांनी सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती आणली. ४१ विरुद्ध ६८ मतांनी ती पडली, आणि ती पाडणारे काही नास्तिक नव्हते. श्रद्धेच्या बाबतीत सक्ती नको, हे भाविकांनीच तिथे बजावलं. म्हणून आपल्या मंत्र्याला 'ईश्वरसाक्ष शपथ' घेता येते किंवा 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा' करता येते. यातलं काय म्हणून कोण सचोटीने वागला, हे महाराष्ट्राच्या मतदाराला वेगळं सांगायला नको.

खाली मात्र हे झिरपत नाही. नाशिकच्या एका शाळेतल्या शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत. तो उभा राहायचा, शांत राहायचा, फक्त हात जोडायचा नाही. संस्थेने याला बेशिस्त ठरवून त्याची वरची वेतनश्रेणी अडवली. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि हात जोडायची सक्ती मूलभूत हक्कांत बसत नाही, असं न्यायालयाला सांगावं लागलं. तो शिकवतो कसा, वह्या वेळेवर तपासतो का, मागच्या बाकावरच्या पोराकडे लक्ष देतो का, हे त्याच्या वर्गात जाऊन बघितलं असतं तर वेतनश्रेणीचा निर्णय मुख्याध्यापकांच्या खोलीतच झाला असता.