परसदारी कूर्मावतार

पावसाळ्यात कोकणातल्या घरी कोण कोण मुक्कामाला येतं याची यादी करायला बसू नये. विंचू येतात, बेडूक येतात, मुंबईहून धाकटे दीर येतात. कोणाला केरसुणी, कोणाला मीठ आणि कोणाला चहा, हे सासूबाईंचं ठरलेलं असतं. पण आषाढी एकादशीला सकाळी मोरीच्या पाण्यावर माजलेल्या अळवात कासव निघालं आणि यातलं नेमकं काय लागू करायचं ते त्यांना सुचेना. म्हणून त्यांनी त्याला नमस्कार केला.

"अगं, आज एकादशी आणि मागीलदारी साक्षात कूर्मावतार! हळदकुंकू आण."

अवतार ताटाएवढा होता. चपटा, चिखलाच्या रंगाचा, आणि नाक डुकराच्या पिल्लाचं. हळदकुंकू दिसताच त्याने ते नाक आत घेतलं.

एव्हाना गडग्यापलीकडून तात्या आले होते. तात्या एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाले, पण घोषणा करायची सवय राहिली. "हे समुद्रातलं," त्यांनी जाहीर केलं. "वाट चुकलंय. वेळासला नेऊन सोडा." वेळास आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं. तिथे २००२ पासून लोक समुद्रकासवांची अंडी राखतात, पुढे पिल्लं समुद्रात सोडायचा महोत्सवही सुरू झाला. त्यामुळे वेळासचं नाव निघालं की जिल्ह्यातला प्रत्येक माणूस स्वतःला निम्मा कासवतज्ज्ञ समजतो. पण समुद्रकासवाला चालायचे पाय नसतात, वल्ही असतात. आमच्या पाहुण्याला चांगले पाय होते, बोटांत पडदे होते. शिवाय वेळासला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले या समुद्रकासवाची मादी किनाऱ्यावर अंडी घालायला येते ती साधारण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान. आषाढात घाटी चढून आमच्या अळवात येण्यासारखं आमच्याकडे काय आहे? फतफतं चांगलं होतं, पण ते एवढं प्रसिद्ध नाही.

दिरांनी मोबाइल काढला. त्यांच्याकडे फोटोवरून प्राणी ओळखणारं अॅप आहे. अॅपने पहिल्या फोटोला 'दगड' म्हटलं, दुसऱ्याला 'फणस'. मग त्यांनी अॅप बंद करून स्वतःच्या अधिकारात सांगितलं, "वहिनी, हे स्टार कासव. लाखाची वस्तू आहे." स्टार कासव म्हणजे चांदणीकासव. त्याची पाठ घुमटासारखी उंच, तिच्यावर पिवळ्या चांदण्या आणि पाय हत्तीचे. ते कोरड्या रानातलं. विहिरीत सोडलंत तर बुडून मरेल. आमच्या अवताराच्या पाठीवर चांदणीच काय, साधे खवलेही नव्हते, नुसतं गुळगुळीत कातडं. कासव सापडलं की आधी पाय बघायचे हे मला तेव्हा कळलं. घरातल्या बाकी सगळ्यांचं लक्ष पाठीच्या किमतीवर होतं.

तेवढ्यात तात्या माझ्या कानाशी आले आणि घोषणेच्या आवाजातच कुजबुजले, "सूनबाई, नखं मोजा. वीस भरली तर सोडू नका."

वीस नखांचं कासव असलं की पैशांचा पाऊस पडतो, ही आपल्याकडची जुनी अफवा. तिच्यापायी बिचाऱ्या कासवांची चोरटी विक्री होते आणि गिऱ्हाईक व भोंदू दोघेही गजाआड जातात. चांदणीकासवाला पुढे पाच-पाच आणि मागे चार-चार अशी अठरा नखं असतात, म्हणजे दोन नखांवाचून पाऊस अडतो. आमची मुलगी मोजायला बसली. पण हे कासव मागचे पाय आत घेतं तेव्हा पोटाकडून दोन मऊ झडपा येऊन त्यांच्यावर बसतात; बँकेची खिडकी जेवणाच्या सुट्टीत बंद व्हावी तशा. आत कोणी आहे की नाही, विचारायची सोय नाही. झडपा उघडेपर्यंत दिरांनी दोनदा चहा घेतला. अखेर हिशोब लागला. प्रत्येक पायाला तीन, एकूण बारा.

"बाराच?" तात्या म्हणाले. पावसाळी अधिवेशन तहकूब झालं.

आता पाहुणचार. सासूबाईंनी घंगाळ काढलं, सासऱ्यांनी "पाणी कोमट करू का?" असं विचारून घेतलं. घंगाळाच्या काठाशी साबुदाण्याची खिचडी, केळं आणि वर तुळशीपत्र असा उपासाचा नैवेद्य मांडला. कासवाने मान बाहेर काढली, खिचडीकडे पाहिलं आणि मान परत नेली. "दाण्याचं कूट जास्त झालं असेल," सासूबाई म्हणाल्या. आमच्या खिचडीबद्दल एवढी कबुली त्यांनी माणसांना कधी दिली नव्हती.

संध्याकाळी घंगाळ रिकामं. शोधाशोध झाली तर स्वारी पुन्हा अळवात, आणि तोंडात भलीमोठी गोगलगाय. कासवाला दात नसतात, चोच असते. तरी शंख फुटल्याचा आवाज ओटीपर्यंत आला.

"आज एकादशी!" सासूबाई ओरडल्या.

"मालवणकडचा अवतार असेल," सासरे पेपरातून म्हणाले.

मी १९२६ लावला, वनखात्याची हेल्पलाइन. कासव पाळता येतं का ते आधी पाहून ठेवलं होतं. ही मऊ पाठीची जात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. पकडून ठेवलं तर तीन ते सात वर्षं कैद. हे मी मोठ्याने वाचल्यावर तात्यांना घरी काहीतरी उकळत ठेवल्याचं आठवलं.

सकाळी वनरक्षक रेनकोट घालून मोटारसायकलवरून आले. त्यांना अॅप लागलं नाही. "फ्लॅपशेल. मऊ पाठीचं. उन्हाळाभर चिखलात पुरून घेतं, पाऊस लागला की नव्या पाण्याला निघतं."

"आजारी आहे का हो?"

"नाही."

"खायला काय द्यायचं?"

"बेडूक, गोगलगायी, मेलेले मासे. त्याचं ते बघतं."

"मग आम्ही काय करायचं?"

"काही नाही. जखमी असतं तर ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवून फोन करायचा. धडधाकट असेल तर वाट सोडायची."

सगळ्यांची तोंडं उतरली. आमच्या घरात पाहुण्यासाठी काहीच न करणं आजवर कोणाला जमलेलं नाही.

वनरक्षकांनी कासव मागच्या बाजूने दोन्ही हातांनी उचललं, कारण त्याची मान दिसते त्याहून पुष्कळ लांब असते आणि ते कडकडून चावतं. दिरांचा हात खिशात गेला. "शेपूट आखूड आहे. मादी असावी," वनरक्षक सहज म्हणाले.

ते सहज म्हणायला नको होतं. "अगोबाई, मग रिकाम्या हाती कशी पाठवू?" म्हणत सासूबाई आत गेल्या त्या खण, नारळ आणि तांदूळ घेऊनच आल्या. वहाळाच्या कोंडीपर्यंत आमची वरात भर पावसात निघाली. पुढे कासव धरलेले वनरक्षक, मागे सासूबाई, त्यांच्यावर छत्री धरून मी. खण कासवाला कुठे लावायचा यावर थोडी चर्चा झाली. ती संपायच्या आत माहेरवाशीण पाण्यात गेली. नारळ वनरक्षकांना मिळाला.

बातमी मात्र तात्यांच्या आवाजात पंचक्रोशीत गेली होती. रात्री जेवणं होताहोता एक अनोळखी माणूस मोटारसायकलवरून अंगणात आला. हेल्मेट काढलं नाही. "काकू, कासव सापडलंय म्हणे. नखं किती आहेत?"

मी काही बोलायच्या आत सासूबाई पुढे झाल्या. "बसा ना. चहा टाकते. नाव काय तुमचं? गाव कुठलं? कोणापैकी?" आणि भिंतीवरच्या कॅलेंडराला बांधलेली पेन्सिल सोडवत माझ्याकडे वळल्या, "सूनबाई, तो तुझा एकोणीसशे सव्वीस लाव गं. म्हणावं, अजून एक जण वाट चुकून आलाय."

चहाचं आधण वाया गेलं.