घोड्यामागून गुपचूप जाऊ नका

इंग्लंडमधल्या आपल्या सायकलवाल्यांमध्ये एक सल्ला फिरतोय: 'सायकलचा आवाज नसतो, म्हणून घोडा बिचकत नाही. गावाकडच्या रस्त्यावर घोडेस्वार दिसले तर गुपचूप, पटकन बाजूने निघून जा. तसेही ते रोड टॅक्स भरत नाहीत आणि जोडीने चालून वाट अडवतात.'

आवाज नसतो हे खरं, पण घोडा बिचकतो तो त्यामुळेच. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. जवळजवळ चहूकडचं दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं नाही. आपण येतो नेमके तिथूनच. मोटार लांबून ऐकू येते, सायकल एकदम कुशीशी उगवते. मग पाचशे किलोचं ते जनावर उधळतं, नाहीतर लाथ झाडतं.

सरे हिल्समध्ये, दोन्हीकडे उंच कुंपणझाडी असलेल्या अरुंद रस्त्यावर, माझ्यापुढे एक तपकिरी घोडी चालली होती. मी लांबूनच पेडल थांबवलं. मागच्या चाकाची टकटक सुरू झाली तसा तिचा एक कान मागे वळला. 'गुड मॉर्निंग, मागे सायकल आहे,' मी हाक दिली. स्वार बाईंनी हात वर केला, घोडी एका फाटकाशी घेतली आणि मला पुढे बोलावलं. मी जाईपर्यंत तो कान माझ्याबरोबर फिरत होता. सगळं मिळून अर्धं मिनिट गेलं असेल.

घंटी चालते, पण मला हाक बरी वाटते. माणसाचा आवाज घोड्याच्या सवयीचा असतो. मागे आणखी सायकली असतील तर किती, तेही सांगावं.

'पटकन बाजूने' हे तर सरळ नियमाविरुद्ध आहे. 2022 च्या जानेवारीत सुधारलेला हायवे कोड, म्हणजे ब्रिटनची रस्त्याच्या नियमांची पुस्तिका, सांगते: घोड्याच्या डावीकडून जाऊ नका, खेटून किंवा वेगाने जाऊ नका. मोटारींना ताशी 10 मैलांच्या आत आणि किमान 2 मीटर अंतर सांगितलंय. आपणही तेवढं पाळावं.

रोड टॅक्स ब्रिटनमध्ये 1937 सालीच संपला. आज असतो तो वाहनावरचा कर, आणि तो सायकलवालेही भरत नाहीत. मोटारवाले हाच टोमणा आपल्याला मारतात तेव्हा किती लागतो!

जोडीने चालायला कोडची परवानगी आहे. अरुंद किंवा गर्दीच्या रस्त्यावर मात्र एकामागे एक. बरेचदा आतल्या बाजूला नवखा घोडा असतो आणि बाहेरचा अनुभवी घोडा त्याला आडोसा देत असतो.

ब्रायडलवेवर, म्हणजे घोडेस्वारांसाठी खुल्या असलेल्या गावाकडच्या वाटेवर, तर आपल्याला सायकल चालवता येते ती 1968 च्या कायद्यामुळे, आणि त्या कायद्यातच अट आहे: पादचाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची.