थर्माकोलचा ज्वालामुखी पुरे, आता उन्हातल्या रेषा दाखवा

मराठवाड्यात पाण्याची बोंब असते, उन्हाची कधीच नाही. तरी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तोच थर्माकोलचा ज्वालामुखी! त्यापेक्षा पोरांना योझेफ फ्राउनहोफर कोण होता ते सांगा आणि सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या त्याच्या काळ्या रेषा दाखवा.

जन्म १७८७, बव्हेरियातलं स्ट्राउबिंग. अकराव्या वर्षी पोरका, मग म्युनिकमध्ये काचकाम्याकडे उमेदवारी. १८०१ साली मालकाचं घर कोसळलं, पोरगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. ही गोष्ट सगळेच रंगवून सांगतात. खरा माणूस दिसतो तो पुढे, बेनेडिक्टबॉयर्नच्या काचभट्टीवर. दुर्बिणीच्या भिंगाला दोन जातींच्या काचा जुळवाव्या लागतात आणि त्यासाठी प्रत्येकीचा अपवर्तनांक, म्हणजे ती काच प्रकाश किती वाकवते तो आकडा, नेमका हवा. पण तो मोजायचा कुठल्या रंगाला? पिवळा कुठं संपतो नि केशरी कुठं सुरू होतो, हे कोण ठरवणार? खूण हवी होती. १८१४ मध्ये त्यानं खिडकीच्या झडपेला बारीक फट ठेवली, २४ फुटांवर लोलक मांडला आणि त्यामागं थिओडोलाइटची, म्हणजे कोन मोजायच्या यंत्राची, दुर्बीण लावली. वर्णपटात काळ्या रेषाच रेषा! त्यानं ५७४ मोजल्या आणि ठळक रेषांना अक्षरं दिली. इंग्रज शास्त्रज्ञ वोलास्टननं १८०२ मध्येच काही पाहिल्या होत्या, पण त्या रंगांच्या हद्दी समजून सोडून दिल्या. म्हणून माझ्या मते हा शोध नशिबाचा नाही, कारागिराच्या चिकाटीचा आहे. रेषा का पडतात हे किर्खोफ आणि बुनसेन या जर्मन शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये उलगडलं. फ्राउनहोफर तोवर नव्हता. १८२६ मध्ये, ३९व्या वर्षी क्षयानं गेला.

आता करायचं कसं? बुटाचं खोकं आतून काळं करा. एका टोकाला खिडकी कापून दाढीच्या पात्याचे दोन तुकडे समोरासमोर चिकटवा. मध्ये वहीचा कागद धरा, पाती बसली की ओढून काढा, साधारण ०.१ मिमी फट राहते. जुन्या डीव्हीडीचे दोन थर सोलून वेगळे करा, चंदेरी मुलामा चिकटपट्टीनं काढा. पारदर्शक थराचा कडेकडचा तुकडा दुसऱ्या टोकाच्या भोकावर लावा, कारण तिथं डीव्हीडीवरच्या बारीक चऱ्या जवळजवळ सरळ असतात. फट चऱ्यांना समांतर हवी, इथंच बहुतेकांचं बिघडतं. फट ढगाकडे किंवा चुन्याच्या भिंतीकडे धरा, सूर्याकडे अजिबात नको. तुकड्यातून सरळ न बघता साधारण ५० अंश बाजूला बघा.

रंग दिसले पण रेषा नाहीत, तर फट रुंद आहे. पट्ट्यावर लांबीच्या दिशेनं आडव्या रेघोट्या आल्या, तर पात्यावर धूळ आहे. कोरड्या ब्रशनं झटका. सगळंच फिकट दिसलं तर खोक्यात उजेड शिरतोय, सांध्यांना काळी टेप लावा.

पिवळ्यातली ५८९ नॅनोमीटरची डी रेषा सापडली की शिक्षकांनी स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मीठ टाकावं, कारण ही रेषा मिठातल्या सोडियमचीच. त्याच जागी आता लखलखीत पिवळी रेघ दिसते. एलईडी बल्बवर मात्र रेषा शोधत बसू नका, तिथं सलग पट्टाच दिसेल.