सर्व्हरसाठी स्वस्तातली एसएसडी? घ्याच!

डेटाबेसच्या सर्व्हरसाठी एसएसडी, म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह, घेताना फार डोकं चालवू नका. खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा बघा आणि पैसे मोजा. 'सेकंदाला ५३० एमबी' लिहिलंय ना? झालं तर मग. आकड्याच्या डोक्यावरची ती इवलीशी चांदणी आणि तिची तळटीप वाचायला चष्मा लागतो, ती सोडा.

वाचलीतच तर उगाच मन खट्टू होईल. सॅमसंगच्या १ टीबीच्या ८७० क्यूव्हीओचं घ्या. कंपनीनेच छापलंय: ५३०चा वेग एसएलसी कॅशे या आतल्या छोट्या, वेगवान भागापुरता, म्हणजे ४२ जीबीपर्यंत, पुढे ८०. सलग लिहिण्यात साधी हार्ड डिस्कसुद्धा याच्या पुढे जाते. पण ४२ जीबी भरायला ऐंशी सेकंद लागतात आणि तुमची चाचणी मिनिटात उरकते. नव्याचे नऊ दिवस नसले तरी ऐंशी सेकंद आहेत, तेवढ्यात स्क्रीनशॉट काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाका.

चाचणीची रीतही ठरलेली आहे. लिनक्सच्या 'डीडी' कमांडने १ जीबी शून्यं लिहा आणि रॅम टाळून थेट ड्राइव्हवर लिहिणारा डायरेक्टचा पर्याय मुळीच देऊ नका. येईल तो वेग रॅमचा असेल, पण असेल झकास. कुणीतरी म्हणेलच, की आधी अख्खी ड्राइव्ह दोनदा भरा, मग एफआयओ या चाचणीच्या प्रोग्रामने ४ केबीचे रँडम (विखुरलेल्या जागी) राइट चार तास चालवा, क्यू डेप्थ १ ठेवा (एका वेळी एकच काम), दर राइटमागे एफसिंक करा (डेटा खरोखर ड्राइव्हवर उतरवायला लावा) आणि सरासरी सोडून ९९.९ पर्सेंटाइलची लेटन्सी बघा, म्हणजे हजारातले ९९९ राइट किती वेळात उरकतात ते. या गृहस्थांना खरेदीच्या मीटिंगला बोलावू नका.

फ्लॅश ही मोठी विचित्र पाटी. लिहायचं एकेक ओळ, साधारण १६ केबीची. पुसायची मात्र अख्खी पाटी, कित्येक एमबींची. ड्राइव्ह गच्च भरली की तिच्या आतल्या कंट्रोलर चिपला एका नव्या ओळीसाठी जुन्या पाटीवरच्या कामाच्या ओळी आधी दुसरीकडे उतरवाव्या लागतात, मग पाटी पुसावी लागते. तुम्ही लिहिता एक, आत लिहिल्या जातात चार. म्हणून काही भित्रे लोक नव्या ड्राइव्हची २० टक्के जागा पार्टिशनच करत नाहीत. तुम्ही पैसे पूर्ण टीबीचे मोजलेत, ९८ टक्के भरा. एफएसट्रिमचा टायमरही बंदच ठेवा; कुठल्या ओळी रद्द झाल्या हे ड्राइव्हला कळवायची गरजच काय?

हमीही भरभक्कम आहे: ३ वर्षं किंवा ३६० टीबी लिहिणं, म्हणजे दिवसाला सुमारे ३३० जीबी. तुमचा डेटा एवढासा! आता, १०० बाइटची नोंद बदलली तरी मायएसक्यूएल डेटाबेसचं इनोडीबी इंजिन १६ केबीचं अख्खं पान आधी डबलराइट बफर या राखीव जागेत लिहितं, मग जागेवर, शिवाय बदलांचा लॉग वेगळा. पण हा हिशेब डीबीएचा, डेटाबेस सांभाळणाऱ्याचा.

वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर तर एक पैसाही घालवू नका. सर्व्हरच्या ड्राइव्हवर ते असतात, वीज गेली तरी डीरॅममधला, म्हणजे ड्राइव्हच्या तात्पुरत्या मेमरीतला, डेटा फ्लॅशवर उतरेपर्यंत तग धरतात. म्हणून ती ड्राइव्ह फ्लशला, म्हणजे 'डेटा पक्का उतरव' या हुकमाला, मायक्रोसेकंदांत 'झालं' म्हणू शकते. तुमचीला प्रत्येक कमिटला (डेटाबेसने बदल पक्का करताना) खरोखर फ्लॅशपर्यंत जावं लागतं, मिलिसेकंद जातात. 'आमच्याकडे यूपीएस आहे' असं ठणकावून सांगा. ड्राइव्हला तो दिसत नाही, ती फ्लश करतच राहते, पण मीटिंगमध्ये वाक्य छान वाजतं. फारच रेंगाळली तर पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये एफसिंक ऑफ करा. वेग पळायला लागेल, आणि वीज गेली की डेटाबेसही.

शेवटी रेड, म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडणं. चारही ड्राइव्ह एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच बॅचच्या घ्या आणि मिररिंग करा (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर), म्हणजे दोन्ही बाजूंना तेच राइट होतील आणि दोन्ही बाजू सारख्याच झिजतील. फर्मवेअर, म्हणजे ड्राइव्हमधला प्रोग्राम, अपडेट करू नका, चाललंय ते चालू द्या. २०१९ च्या नोव्हेंबरात सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने आपल्या काही एसएएस जोडणीच्या एसएसडींबद्दल जाहीर केलं होतं, की जुन्या फर्मवेअरवर त्या बरोबर ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात, आणि डेटा परत मिळत नाही. एकत्र बसवलेल्या ड्राइव्ह एकत्रच जाणार. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस, ८ तास. त्या दिवशीची रजा आधीच टाकून ठेवा.