'पहिले गुलाम गोरेच होते' म्हणे!

भाचीचा परवा फोन आला. अकरावीला आहे, इतिहासाच्या प्रकल्पासाठी इंग्रजांच्या सुरुवातीच्या मळेवसाहती हा विषय घेतलाय. "मामा, एक भारी माहिती मिळालीये. अमेरिकेतले पहिले गुलाम आयरिश होते. टाकू का?" कुठून मिळाली, तर आमच्याच घरच्या ग्रुपवरून. न्यू जर्सीतल्या मावसभावाने टाकलेला लांबलचक मजकूर, कुणीतरी इंग्रजीवरून मराठीत उतरवलेला. खाली तीन काकांचे जोडलेले हात आणि आत्याची फुलं.

मजकूर थोडक्यात असा. १६२५ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाने फर्मान काढून ३०,००० आयरिश कैदी गुलाम म्हणून विकले. पुढे १६४१ ते १६५२ या काळात आणखी तीन लाख. बार्बाडोस आणि व्हर्जिनियाचे मळे त्यांच्याच रक्तावर उभे राहिले. आयरिश माणूस पाच पौंडांना मिळे, आफ्रिकन पन्नासला, म्हणून आयरिशांचे हाल जास्त. आयरिश बायकांची आफ्रिकन गुलामांशी जबरदस्तीने गाठ घालून पैदास केली जाई. एका जहाजावरून तर १,३०२ जणांना समुद्रात फेकलं. सोबत काळवंडलेल्या चेहऱ्यांच्या गोऱ्या पोरांचा फोटो. आणि शेवटी ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते वाक्य: 'पण आयरिश कधी रडत बसले नाहीत. कष्ट केले, वर आले. आपल्याकडच्या रडणाऱ्यांनी यातून शिकावं.'

ग्रुपवर उत्तर दिलं की "तू फार मनाला लावून घेतोस" हे ठरलेलं. म्हणून इथे लिहितो.

आधी राजा. दुसरा जेम्स जन्मला १६३३ मध्ये. म्हणजे फर्मान निघालं तेव्हा स्वारी जन्माला यायलाच आठ वर्षं बाकी होती. १६२५ च्या मार्चमध्ये वारला तो त्याचा आजोबा, पहिला जेम्स. बरं, नाव चुकलं म्हणून सोडून देऊ. पण ३०,००० माणसं विकली कुठे? त्या वर्षी कॅरिबियनमध्ये इंग्रजांकडे सेंट किट्स बेटाचा एक तुकडा होता, तिथेही वर्षभरापूर्वीच पाय टेकलेले. बार्बाडोसची वसाहत झाली फेब्रुवारी १६२७ मध्ये. 'विल्यम अँड जॉन' या जहाजातून ऐंशीएक इंग्रज उतरले, आणि त्यांच्यासोबत वाटेत दुसऱ्या जहाजावरून पकडलेले दहाएक आफ्रिकन. राहता राहिली व्हर्जिनिया. तिथली १६२५ ची शिरगणती आजही वाचायला मिळते. अख्खी वसाहत मिळून बाराशेच्या आसपास डोकी! त्यात तीस हजार गुलाम कुणी विकत घेतले आणि झोपवले कुठे, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच विचारायला हवं. आणि 'पहिले' म्हणाल, तर ऑगस्ट १६१९ मध्ये 'व्हाइट लायन' जहाजाने अंगोलातून पकडून आणलेली वीसेक माणसं व्हर्जिनियाच्या पॉइंट कम्फर्टला उतरवली होती. ती या फर्मानाच्याही सहा वर्षं आधी.

फोटोवर दोनच ओळी. तो लुइस हाइन या छायाचित्रकाराने जानेवारी १९११ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीवर काढलाय. सतराव्या शतकात कॅमेरा नव्हता, हेही आता सांगावं लागतं.

तीन लाखांचा आकडा तसाच. बार्बाडोस हे बेट बृहन्मुंबईपेक्षाही लहान. तिथली गोऱ्यांची वस्ती अगदी भरात असताना तीसेक हजारांच्या घरात होती, आणि त्यात इंग्रज, स्कॉटिश, आयरिश, मालक, नोकर सगळे आले. पण इथे एक गोष्ट कबूल करतो, मनात नसलं तरी. आयरिश माणसांना जबरदस्तीने जहाजात कोंबून तिकडे पाठवलं, हे खरंच आहे. १६४९ मध्ये आयर्लंडमधलं द्रोहेडा शहर जिंकल्यावर क्रॉमवेलने, म्हणजे राजाविरुद्ध लढलेल्या इंग्रज सैन्याच्या सेनापतीने, स्वतःच्या पत्रात लिहिलंय: शरण आलेल्यांपैकी एका तुकडीतला दर दहावा शिपाई मारला, बाकीचे बार्बाडोसला रवाना. नंतरच्या काही वर्षांत कैदी, भटके, अनाथ असे कितीतरी जण तिकडे गेले. इतिहासकारांचे अंदाज साधारण दहा हजारांच्या आसपास फिरतात. स्कॉटिश कैदी गेले, राजाच्या बाजूचे इंग्रज बंडखोरही गेले. त्याआधी खुद्द आयर्लंडमध्ये, मन्स्टर आणि अल्स्टरला, आयरिशांच्या जमिनी काढून इंग्रज-स्कॉटिश लोकांना वसवायचा प्रयोग झाला होता आणि तीच तालीम पुढे अटलांटिकपार कामी आली. तेव्हा आयरिशांवर अन्याय झाला नाही, असं कुणी म्हणत नाही. मी तर नाहीच.

वाद आहे तो गुलाम म्हणायचं कुणाला, यावर. आणि इथे अंदाजाची गरजच नाही, कारण बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी ते स्वतःच लिहून ठेवलंय.

थोडी पार्श्वभूमी. सुरुवातीला या बेटावर तंबाखू लावला, तो व्हर्जिनियाच्या तंबाखूपुढे टिकेना. मग कापूस. १६४० च्या दशकात जेम्स ड्रॅक्ससारख्यांनी ब्राझीलमधल्या डच मुलखातून उसाचं तंत्र आणलं आणि बेटाचा नूर पालटला. ऊस म्हणजे काय काम असतं, हे पश्चिम महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. तोडलेला ऊस ताबडतोब गाळला नाही तर रस आंबतो, म्हणून चरक आणि कढया रात्रंदिवस चालू. माणसं हवीत, आणि सोडून न जाणारी हवीत. करारावर आलेला गोरा नोकर चार-सात वर्षांनी मोकळा व्हायचा आणि जमीन मागायचा, पण जमीन तर मोठ्या मळेवाल्यांनी गिळलेली. साहजिकच नवे नोकर यायला कचरू लागले आणि आफ्रिकेतून जहाजांवर जहाजं येऊ लागली. १६८० पर्यंत बेटावर अडतीस हजारांच्या वर गुलाम होते, करारावरचे नोकर दोन-अडीच हजार.

या बदलाच्या मधोमध, १६६१ मध्ये, बार्बाडोसच्या विधिमंडळाने दोन कायदे केले. एक 'नोकरां'साठी, एक 'निग्रों'साठी. वेगळे. एकाच वर्षी, त्याच मालकांनी. मावसभावाने बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे दोन वाचावेत.

नोकरांच्या कायद्यात मुदत आहे. लेखी करार नसेल तर वयानुसार पाच किंवा सात वर्षं, मग सुटका आणि जाताना ठरलेली रक्कम किंवा साखर. मालकाविरुद्ध मॅजिस्ट्रेटकडे जायची सोय आहे. पळून गेलं, चोरी केली तर मुदत वाढते. कायदा मालकाच्याच बाजूचा, यात शंका नाही. पण समोर माणूस आहे, हे त्यात गृहीत धरलंय.

दुसऱ्या कायद्यात मुदत नाहीच. गुलामाने एखाद्या ख्रिश्चनावर दुसऱ्यांदा हात उगारला तर फटके, नाक चिरणं, तोंडावर डाग. शिक्षा देताना गुलाम मेला तर मालकाला काही नाही. आणि मालकाने निव्वळ क्रूरपणे, जाणूनबुजून आपल्या गुलामाचा जीव घेतला तर? दंड. तीन हजार पौंड कच्ची साखर, म्हणजे साडेतेराशे किलोच्या आसपास, सरकारी खजिन्यात जमा. दुसऱ्याचा गुलाम मारला तर त्याच्या मालकाला दुप्पट किंमत आणि खजिन्यात जास्त साखर. मेलेल्याच्या बायकोला किंवा आईला काय, याचा प्रश्नच कायद्याला पडलेला नाही. १६६४ मध्ये जमैकाने हा कायदा उचलला, पुढे साउथ कॅरोलायनानेही.

व्हर्जिनियातही तेच वळण. १६४० मध्ये तीन नोकर मिळून पळाले, मिळून पकडले गेले. एक डच, एक स्कॉटिश, एक जॉन पंच नावाचा आफ्रिकन. गुन्हा एकच. दोन गोऱ्यांची मुदत चार-चार वर्षांनी वाढली, जॉन पंचला जन्मभराची चाकरी. १६६२ मध्ये तिथे कायदाच झाला, की मूल आईच्या दर्जाचं. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप भले मळ्याचा मालक असो. तिथल्या आयरिश नोकरबाईच्या मुलाला हे कधीच लागू झालं नाही.

आता पाच पौंड आणि पन्नास पौंड. रिचर्ड लिगन नावाचा इंग्रज १६४७ ते १६५० बार्बाडोसवर होता. त्याने १६५७ मध्ये छापलेल्या वर्णनात म्हटलंय, की नोकरांचे हाल गुलामांपेक्षा वाईट, कारण नोकर पाचच वर्षांचा, गुलाम कायमचा. फॉरवर्डवाले याच्यावरच नाचतात. लिगनने पाहिलं ते खोटं नसेल, पण त्यानेच कारणही दिलंय. भाड्याच्या खोलीची कुणी डागडुजी करत नाही. म्हणून भाडेकराराला मालकी हक्क म्हणायचं का? पाच पौंड ही माणसाच्या काही वर्षांच्या श्रमाची किंमत होती. पन्नास ही त्याची, त्याच्या पोटच्या पोरांची आणि नातवंडांची.

मराठी माणसाला हे समजायला मॉरिशसपर्यंत जाता येईल. १८३४ नंतर रत्नागिरीकडचे आपले लोकही गिरमिटावर, म्हणजे मुदतीच्या करारावर, तिथल्या उसात राबले. फसवणूक झाली, मार खाल्ला. पण त्यांची नातवंडं कुणाच्या मालमत्तेच्या यादीत आली नाहीत.

पैदासीच्या दाव्यामागे मेरिलंडचा १६८१ चा कायदा आहे. तो गोऱ्या नोकरबायकांची गुलामांशी लग्नं लावून मालकांनी फायदा उकळण्याविरुद्ध होता, म्हणजे चार आणे खरं आहेच. पण त्याच साली तिथे एलेनर बटलर नावाच्या आयरिश नोकरबाईने चार्ल्स नावाच्या गुलामाशी लग्न केलं, आणि तेही आपल्या मर्जीने. पुढच्या खटल्यात म्हाताऱ्या साक्षीदारांनी सांगितलं, की खुद्द लॉर्ड बाल्टिमोरने, म्हणजे मेरिलंड वसाहतीच्या मालकाने, तिला 'तुझी मुलं गुलाम होतील' असं बजावलं, तर ही म्हणाली, लॉर्डसाहेबांपेक्षा मला चार्ल्स बरा. मेरिलंडमध्ये तेव्हा व्हर्जिनियाच्या उलट, मूल बापाच्या दर्जाचं, म्हणून मुलं खरोखरच गुलाम झाली. शंभर वर्षांनी, १७८० च्या दशकात, तिच्या वंशातल्या मेरी बटलरने कोर्टात स्वातंत्र्य मिळवलं. आधार कोणता? आपण एका गोऱ्या, मुक्त बाईच्या वंशातल्या आहोत हा. म्हणजे आयरिश आजी असणं हीच सुटकेची वाट ठरली.

आणि आता ते १,३०२. इथे माझा संयम संपतो.

ही घटना खरी आहे, फक्त आयरिशांची नाही. जहाजाचं नाव 'झाँग', मालक लिव्हरपूलचे. ऑगस्ट १७८१ मध्ये ते ४४२ आफ्रिकनांना कोंबून अक्राहून निघालं. मुळात ४४२ जण असलेल्या जहाजावरून १,३०२ कसे फेकणार? कुणीतरी १३२ मध्ये एक शून्य घुसडलं आणि माणसांचा वंशही बदलून टाकला. झालं ते असं. खलाशी जमैका ओलांडून पुढे गेले, बेट ओळखण्यात चूक झाली. पाणी कमी पडेल, असं कारण देऊन २९ नोव्हेंबरला त्यांनी ५४ बायका-मुलांना केबिनच्या खिडक्यांतून समुद्रात ढकललं. पुढच्या दिवसांत पुरुषांना. एकूण १३० च्या वर. जमैकाला पोहोचलं तेव्हा जहाजावर पाणी शिल्लक होतं. आजाराने मेलेल्याचा विमा मिळत नसे, 'जहाज वाचवायला टाकलेल्या मालाचा' मिळे, डोईमागे तीस पौंड. मालकांनी तो मागितला. १७८३ मध्ये लंडनला खटला चालला तो खुनाचा नव्हे, विम्याचा. ज्युरीने निकाल मालकांच्या बाजूने दिला. फेरसुनावणीच्या अर्जावर बोलताना मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड म्हणाले, की ज्युरीच्या लेखी हे घोडे टाकण्यासारखंच होतं. फेरसुनावणीला परवानगी मिळाली, पण खुनासाठी कुणीही कधीच उभं राहिलं नाही. ओलाउडा इक्वियानो या स्वतः गुलामी भोगलेल्या माणसाने ही बातमी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पपर्यंत पोहोचवली, म्हणून आज आपल्याला ती ठाऊक आहे.

त्या माणसांची नावंसुद्धा उरलेली नाहीत. उरलं होतं ते त्यांचं मरण, तेही या फॉरवर्डने काढून दुसऱ्यांच्या खात्यावर टाकलं. बाकीच्या चुका अडाणीपणाच्या म्हणता येतील. ही नाही.

आयर्लंडमधल्या लिमरिकचे ग्रंथपाल लिअम होगन यांनी या मजकुराचा दावा-दावा तपासून ठेवलाय. २०१६ मध्ये ऐंशीहून अधिक अभ्यासकांनी आणि लेखकांनी, त्यातल्या बऱ्याच आयरिशांनी, जाहीर पत्रही काढलं. आपल्या इतिहासाचा वापर कृष्णवर्णीयांची तोंडं बंद करायला होतोय, याचा राग आयर्लंडलाच आधी आला.

उरला शेवटचा उपदेश, 'रडले नाहीत'. १६६७ मध्ये कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावरच्या आयरिशांनी इंग्रजांविरुद्ध फ्रेंचांना साथ दिली, १६८९ मध्ये सेंट किट्सच्या आयरिशांनी उठाव केला. क्रॉमवेलचं नाव काढलं की आयर्लंडमध्ये आजही काय ऐकू येतं, ते मावसभावाने एखाद्या आयरिश सहकाऱ्याला विचारून पाहावं. आणि 'वर आले' ते कसे? काहींच्या बाबतीत मळे आणि गुलाम विकत घेऊन. मॉन्टसेराटवर १७६८ मध्ये गुलामांनी उठावाचा दिवस ठरवला तो १७ मार्च, सेंट पॅट्रिकचा सण, कारण त्या दिवशी मालक दारूत असतील हे त्यांना माहीत होतं. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटनने दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती मालकांना, आणि त्या यादीत आयरिश मालकही आहेत. बार्बाडोसच्या त्र्याऐंशी हजार गुलामांना मिळाली १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवरची 'उमेदवारी', म्हणजे सक्तीची चाकरी. भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडले, तेही करदात्यांच्या पैशांतून. बार्बाडोसहून येऊन लंडनच्या बस चालवणारे त्या करदात्यांत होतेच.