आहारी, व्यवहारी आणि लाऊंजात

दुपारी जेवू नका. बाकीचा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढं एक वाक्य घेऊन जा. ज्या संध्याकाळी पंचतारांकित हॉटेलच्या क्लब लाऊंजमध्ये बसायचं आहे, त्या दुपारी फार तर वाटीभर ताक प्यावं. आमचे साडूभाऊ सकाळच्या नाश्त्यानंतर थेट साडेपाचलाच तोंड उघडतात. मधल्या वेळात बोलायचंसुद्धा टाळतात, हवा जाते म्हणे. नवशिके मात्र दीड वाजता थाळी चापतात आणि मग संध्याकाळी अठराव्या मजल्यावर काचेपाशी बसून उतरणारी विमानं मोजतात.

लाऊंज म्हटलं की ज्यांना विमानतळावर रुपे कार्ड फिरवून दोन रुपयांत इडली खायची जागा आठवते, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. हा लाऊंज वेगळा. हा हॉटेलच्या वरच्या मजल्यावर असतो आणि खोलीचं कार्ड टेकवल्याशिवाय लिफ्ट तिथं जातच नाही. आत सोफे, इंग्रजी वर्तमानपत्रं आणि गुरगुरणारं कॉफीचं यंत्र. सकाळी नाश्ता, दुपारी चहा आणि संध्याकाळी दोन तास पेयं व चटकमटक. हे सगळं फुकट असतं, पण तो शब्द तिथं उच्चारू नये. तिथं 'कॉम्प्लिमेंटरी' म्हणतात. फुकट ते पौष्टिक, आणि कॉम्प्लिमेंटरी ते ग्लूटेन-फ्री.

आत शिरायचे मार्ग दोन. पहिला म्हणजे पुण्याईचा. मुंबईच्या ताजने १९७५ साली 'द चेंबर्स' काढला, तो उद्योगपतींचा खासगी क्लब. तिथं आपलं काम नाही. आताच्या हॉटेलसाखळ्या मात्र घराणं विचारत नाहीत, मुक्कामाच्या रात्री मोजतात. मॅरियटच्या बॉनव्हॉय योजनेत वर्षाला ५० रात्री काढल्या की माणूस प्लॅटिनम दर्जाचा होतो आणि एका पाहुण्यासह लाऊंजमध्ये जातो. हयात नावाच्या साखळीत ग्लोबलिस्ट, म्हणजे तिथला वरचा दर्जा, व्हायला ६० लागतात. वर्षाला ६० रात्री घराबाहेर काढणाऱ्याला पूर्वी आपल्याकडे फिरस्ता म्हणायचे आणि मुलगी देत नसत. आमच्या साडूंना आधी मुलगी मिळाली, मग प्लॅटिनम. रात्री सगळ्या कंपनीच्या पैशाने झालेल्या. मान मात्र घरी वापरायचा. पाहुणा एकच चालतो, त्यामुळे त्यांची बायको, मेहुणा आणि मी यांच्यात दरवेळी जी शांतता पसरते ती तुमच्याही घरात पसरेल. तयारी ठेवा.

बँकेच्या कार्डावर विसंबू नका. एचडीएफसी बँकेचं मॅरियट बॉनव्हॉय कार्ड २०२३ मध्ये आलं, त्यावर सिल्व्हर दर्जा आपसूक मिळतो. सिल्व्हरवर चेक-आउट थोडं उशिरा करता येतं, तेही खोली रिकामी असली तर. लाऊंज सिल्व्हरला नाही, गोल्डलाही नाही, आणि रिट्झ-कार्लटनच्या क्लब लाऊंजला तर प्लॅटिनमचाही वशिला चालत नाही. हे सगळं छापलेलं असतं. मी ते वाचलं नव्हतं, आणि एका हॉटेलात (नाव कशाला सांगा) छाती काढून लाऊंजच्या दारापर्यंत गेलो होतो. तिथल्या मुलीनं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, पाहिलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. इतका सुंदर नकार मला कांदेपोह्यांच्या काळातही मिळाला नव्हता.

दुसरा मार्ग रोखीचा, म्हणजे साध्या खोलीऐवजी क्लबची खोली घ्यायची. इथं वही काढावी. समजा फरक ४,००० रुपयांचा आहे. साडेसात हजारांच्या वरच्या खोलीवर जीएसटी १८ टक्के, म्हणजे ७२० आणखी. झाले ४,७२०. आता मनातल्या मनात "पण नाश्ता आहे की त्यात" असं म्हणू नका. नाश्ता बहुधा साध्या खोलीतही धरलेलाच असतो. दुपारचा चहा आपण घरी पण पितो. राहिले संध्याकाळचे दोन तास, म्हणजे १२० मिनिटं. ४,७२० भागिले १२० केलं की मिनिटाला ३९ रुपये ३३ पैसे पडतात. हा आकडा पाठ करून वर जा. लाऊंजमध्ये कुणी ओळखीचं भेटलं आणि "काय, कधी आलात, मुलगी काय करते" असं सुरू झालं, तर चार मिनिटांची ती चौकशी १५७ रुपयांना पडते. त्यांची मुलगी जे काय करत असेल ते करू दे.

वेळही हॉटेलवाले विचार करून ठेवतात. साडेपाच ते साडेसात. या वेळेला महाराष्ट्रात दोनच प्रकारची माणसं जेवतात : सूर्यास्ताआधी उरकणारी जैन मंडळी आणि मऊ वरणभात भरवून घेणारी बाळं. बाकीच्यांना त्या वेळी चहा हवा असतो. आपल्याला भूक लागते ती बरोबर साडेआठला, आणि तेव्हा तिथला मुलगा टेबलं पुसत असतो. म्हणून पुन्हा सांगतो, दुपारी जेवू नका.

जागा स्वयंपाकघराच्या दाराजवळची धरा. काचेपाशी बसतात ते हनिमूनवाले आणि हरलेले. ते दार दोन्हीकडे उघडणारं असतं. त्यातून खांदा आधी दिसला तर माणूस रिकामा येतोय आणि ट्रे आधी दिसला तर आपण उठायचं. मात्र आत आल्याबरोबर खाण्याकडे जायचं नाही. पहिली फेरी रिकाम्या हातानं, पाठीमागे हात बांधून, वस्तुसंग्रहालयात असतो तशी. पाट्या वाचायच्या, मान हलवायची, "हं, काही विशेष नाही" असा चेहरा करायचा आणि लॅपटॉप उघडून बसायचं. लॅपटॉप चालू असण्याची गरज नाही.

आता मुख्य विषय, ताटली. ही ताटली म्हणजे बशीची थोरली बहीण, सहा इंचाची. साडूंनी टेप नेली होती. काठाला वर उचललेली कड नाही, त्यामुळे ढीग रचला तर गडगडतो. चिमटा एवढासा, भातुकलीतला. त्यानं एका वेळी एकच काजू येतो, तोही मनात असेल तर. यामागे जे डोकं आहे ते ओळखा. आपल्याकडे पंगतीत पाहुणा बसून राहतो आणि वाढपी त्याच्याकडे येतो. पाहुणा पानावर आडवा हात धरतो, वाढपी हाताखालून जिलबी सरकवतो, यजमान "माझ्याकडची एक" म्हणून दुसरी टाकतो. खाण्याचं सगळं पाप आग्रह करणाऱ्याच्या माथी. खाणारा बिचारा निष्पाप. लाऊंजवाल्यांनी या व्यवस्थेतला फक्त वाढपी काढून घेतला. अन्न भरपूर आहे, मनाई कुठंच नाही, पाटीवरही काही लिहिलेलं नाही. फक्त दरवेळी तुम्हाला स्वतः उठून, पंधरा अनोळखी माणसांसमोरून, ती रिकामी बशी घेऊन चालत जायचं आहे. त्यांचा सगळा हिशोब तुमच्या लाजेवर बसवलेला आहे. तिसऱ्या फेरीपर्यंत मराठी माणूस तग धरतो. चौथ्यांदा उठताना त्याला आई आठवते.

यावर उपाय आहेत. 'आहारे व्यवहारे च त्यक्तलज्जः सुखी भवेत्' हे वचन शाळेत पाठ केलेलं असतं, पण लाज सोडणं सगळ्यांना झेपत नाही. त्यांनी ती दुसऱ्याच्या नावावर चढवावी. उठताना बायकोकडे बघून जरा मोठ्यानं "तुला काय आणू?" असं विचारायचं. ती "काही नको" म्हणेल. दोघांचं आणायचं. फोन कानाला लावून गेलात तर हात आपोआप काहीतरी उचलतोय असं वाटतं. चौथ्या फेरीला कोट काढून जा. पाचव्या फेरीला चष्मा.

पाट्या वाचताना गोंधळू नका. 'कनापे' म्हणजे पावाच्या रुपयाएवढ्या तुकड्यावर ठेवलेलं काहीतरी. फ्रेंचमध्ये कनापे म्हणजे सोफा. खालचा पाव हा सोफा आणि वर बसलेलं चीज किंवा मासा हा पाहुणा. आमच्या हिनं आठ सोफे खाल्ले आणि नंतर विचारलं, "जेवण कधी सुरू होणार?" एकदा 'मुंबई स्पाइस्ड पोटॅटो बाइट' अशी पाटी दिसली. चिनी मातीचा चमचा, त्यात लिंबापेक्षा लहान बटाटेवडा, त्यावर हिरव्या चटणीचा एकच थेंब आणि त्या थेंबात उभं केलेलं कढीपत्त्याचं पान, झेंडा रोवावा तसं. असे सहा चमचे ट्रेमधून आले. माणसं अठ्ठावीस होती. मी उठलो तेव्हा पाच चमचे होते, पोचलो तेव्हा दोन, आणि एका बाईंनी माझ्याकडे बघून इतकं गोड हसून दोन्ही उचलले की मीच त्यांना "घ्या ना" म्हणालो. दादरला उभ्या-उभ्या खाल्लेल्या वड्याला मी इतक्या अदबीनं कधी वागवलं नव्हतं. आणि वडा गार होता. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर ठेवावेत असं अन्नसुरक्षेचं शास्त्र सांगतं. कढीपत्ता उभा करण्यात अंश निघून जात असावेत.

पनीर टिक्का नेहमी असतो. त्याबद्दल काही लिहिण्यासारखं नाही.

पेयांच्या बाबतीत एवढंच, की ज्यांना पिण्यातून वसुली करायची आहे त्यांनी गाव बघून खोली घ्यावी. महाराष्ट्र आणि गुजरात एकाच दिवशी, १ मे १९६० रोजी, वेगळे झाले आणि दारूबंदीचा १९४९ चा तोच मूळ कायदा दोघांच्याही वाट्याला आला. आपण त्यातून परमिट काढलं, त्यांनी बंदी ठेवली. त्यामुळे अहमदाबादच्या लाऊंजमध्ये 'कॉकटेल अवर'ला कैरीचं पन्हं मिळू शकतं, पुदिन्याच्या काडीसह. इकडे महाराष्ट्रातही २ ऑक्टोबरची खोली घेऊन मग मिनिटाला ३९ रुपयांनी टॉनिक वॉटर पीत बसलेले गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर गांधीजींविषयी जे भाव होते ते इथं नोंदवत नाही.

मुलं हा नाजूक भाग. बऱ्याच लाऊंजमध्ये संध्याकाळच्या त्या दोन तासांत बारा वर्षांखालच्यांना प्रवेश नसतो. एसटीच्या खिडकीशी मूल पाचच वर्षांचं आहे असं शपथेवर सांगणारा बाप इथं त्याच मुलाला "बारा पूर्ण, दिसतो लहान" म्हणतो. मुलाला आधी पढवून ठेवा. मेहुण्याच्या पोरानं रिसेप्शनवर "मी चौथीत आहे" असं खणखणीत सांगितलं आणि पाच माणसांचा कार्यक्रम ओढ्यात गेला.

खोलीवर काही न्यायचं असेल तर केळं न्या. केळं हातात घेऊन चालणारा माणूस आरोग्याविषयी जागरूक वाटतो. सफरचंदही चालतं. चॉकलेट ब्राउनी कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली तर ती दहा मिनिटांत रुमालाशी एकजीव होते, आणि मग रात्री अकरा वाजता कोणता भाग खायचा आणि कोणता सोलायचा यावर नवरा-बायकोत मतभेद होतात. सुकं न्यावं. मठरी, बिस्किटं, काजू. काजूसाठी खिसा शर्टाचा नको, वाकलं की सांडतात. ते गालिच्यावर पडले तर आवाज होत नाही, पण संगमरवरावर प्रत्येक काजू वेगळा ऐकू येतो. नऊ होते.

तिथल्या पोरांशी बोलताना इंग्रजीच वापरा, तेही थोडकं. तीही इंग्रजीतच बोलतात. "एनीथिंग एल्स, सर?" "नो, नो, आयम फुल." अशानं आब राहतो. मागल्या खेपेला आमच्या टेबलावरचा मुलगा असाच होता, गळ्याशी बो, पाठ ताठ, दोन तास सर-सर. सात वाजून पंचवीस मिनिटांनी मी सहाव्यांदा उठलो, कोटाशिवाय आणि चष्म्याशिवाय, त्यामुळे भांड्यात काय उरलंय तेही नीट दिसेना. मी झाकण उचलून वाकलो होतो तेवढ्यात तो शेजारी येऊन उभा राहिला आणि हळू आवाजात, शुद्ध कऱ्हाडच्या मराठीत म्हणाला, "काका, ते गार झालंय. आत गरम निघतंय, दोन मिनिटं थांबा." आणि मग आणखी हळू, "डबा भरून देऊ का?"

अशा वेळी काय करावं, तेही सांगतो. "छे छे, नको" असं म्हणावं, पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हणू नये. ती पंगत नाही. तिसरा आग्रह होईलच याची खात्री नसते.